डाव्या हाताची टाकी

एल्सबेकच्या ओढ्यावर वासिंकांची पाणचक्की होती, आणि तिच्या अंगणात फरशीच्या जागी जुन्या जात्यांचे दगड बसवलेले होते. दळून दळून दगड पातळ झाला की तो काढायचा, अंगणात आणून उताणा बसवायचा, आणि ज्या वासिंकाने त्यावर टाकीने शेवटचे घाव घातले असतील त्याच्या नावाने तो ओळखायचा, अशी त्या घराची रीत. नावं कुठे कोरलेली नव्हती. त्यांची गरजच नव्हती. हिवाळ्यात ऊन पडलं की घरातलं म्हातारं माणूस पोरांना तिथे बसवायचं आणि त्यांची बोटं धरून दगडावरून फिरवायचं.

"हा खोल घाव लागला का बोटाला? हा येन वासिंक. रागीट होता, दगडावर राग काढायचा. आणि या दाट, आखूड रेघा? हा गेरित. कंजूष. घाव घालतानासुद्धा हात राखून घालायचा."

पोरं हसायची, आणि हसता हसता त्यांना आपलं घराणं पाठ व्हायचं.

जात्याचं असं असतं की दगड गुळगुळीत झाला तर तो दाणा कापत नाही, रगडतो. रगडलेलं पीठ तापतं, करपतं. म्हणून अधूनमधून वरचा दगड शेजारच्या स्क्रूच्या यारीने उचलून उलटा करायचा, कोंड्याच्या पोत्यावर कोपर टेकवून आडवं व्हायचं, आणि पोलादी टाकीने त्यावर बारीक, तिरप्या रेघा पाडायच्या. दोन माणसांच्या रेघा कधी सारख्या येत नाहीत. जाणत्याच्या बोटांना त्या चेहऱ्यासारख्या ओळखता येतात.

देर्क वासिंक डावरा होता. सगळ्या घराण्यात एकटा तोच. त्यामुळे इतरांच्या रेघा जिकडे झुकत त्याच्या उलट बाजूला त्याच्या झुकत. सरळ, एकसारख्या, केसाएवढ्या अंतरावर. तशी टाकी त्या खोऱ्यात दुसऱ्या कोणाला साधली नाही.

देर्कला दोन मुलगे. थोरला हार्मेन, धाकटा लामर्त. गिरण्याही दोन: ओढ्यावरची पाणचक्की आणि वरच्या टेकाडावर आजोबांनी बांधलेली पवनचक्की, उन्हाळ्यात ओढा आटला म्हणजे कामाला यावी म्हणून. देर्क गेल्यावर रिवाजाप्रमाणे जुनं घर आणि पाणचक्की थोरल्याला मिळाली, पवनचक्की धाकट्याला. कोणीही म्हणेल, वाटणी चोख झाली. हार्मेनसुद्धा चारचौघांत तसंच म्हणायचा.

पण म्हातारपणाची वर्षं देर्क टेकाडावर राहिला होता, लामर्तकडे. ते हार्मेनच्या मनात रुतून बसलं होतं.

टाकी शिकला तो हार्मेन. हातांच्या पाठीवर पोलादाचे कण उडून उडून निळे ठिपके पडले ते त्याच्या. दूरदूरच्या गिरण्या त्याला बोलावून न्यायच्या. पण तो रेघा पाडून उठला की बाप यायचा, त्यावरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "हं." एवढंच. लामर्तच्या हातून दगडाचे टवके उडाले की मात्र बाप खो खो हसायचा, त्याच्या पाठीत थाप मारायचा. त्या हसण्याची वाट हार्मेनने जन्मभर पाहिली.

आणि बाप गेला तेव्हा लामर्तने पवनचक्कीची पाती दुखवट्याची खूण म्हणून तिरपी थांबवली. तीन गावांतून ती दिसली. शेतात माणसांनी टोप्या काढल्या. हार्मेनने त्याच दिवशी आपलं चाक थांबवलं होतं. ते कोणाला दिसलं नाही. ओढा आपला खळाळत राहिला.

त्यानंतर काही आठवड्यांनी लामर्त खाली आला. लाकडी बूट दाराशी काढून आत आला, टोपी हातात गोल फिरवत उभा राहिला.

"दादा, दगड बोथट झालाय रे. एकदा येऊन टाकी लावून दे ना. माझ्या हातून नुसता चुरा होतो."

हार्मेन झडपेला वंगण लावत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"बाबांनी गिरणी तुला दिली ना?"

"दिली म्हणजे... वाटणीत आली."

"मग बाबांनाच बोलाव टाकी लावायला."

लामर्तला वाटलं ही थट्टा आहे. तो हसला. मग त्याचं हसू विरलं, त्याने टोपी डोक्यावर घातली आणि तो गेला. हार्मेनची बायको स्तीना आतून बाहेर आली.

"धाकटा भाऊ आहे तो तुझा. असं तोडून बोलतात का?"

"जेवायला काय आहे?" हार्मेन म्हणाला.

तो वसंत तसाच गेला. आज ना उद्या लामर्तचं पीठ करपेल, त्याची गिऱ्हाईकं टेकाड उतरून खाली येतील, असा हार्मेनचा हिशेब होता. झालं उलटंच. एक दिवस ग्राडा मावशी आपल्या हातगाडीवर दळण घेऊन आली. ही बाई जिभेला धार लावूनच घराबाहेर पडायची.

"राग नको मानूस हार्मेन, पण तुझ्या भावाचं पीठ म्हणजे रेशीम रे, रेशीम! बोटांतून निसटतं. तुझ्या बापाच्या वेळचं पीठ आठवलं मला."

"मग वरच जायचं की दळायला."

"गेले असते. गाडी चढवत नाही मला. तू उतारावर आहेस म्हणून तुझ्याकडे येते, समजलास?"

हार्मेनने दळण दळून दिलं. पण "बापाच्या वेळचं पीठ" हे शब्द दिवसभर त्याच्या डोक्यात जात्यासारखे फिरत राहिले. लामर्तने बाहेरचा कोणी टाकीवाला आणला असणार. खोऱ्यातल्या सगळ्यांना हार्मेन ओळखत होता. रेशमासारखं पीठ देईल असा त्यांच्यात एकही नव्हता.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर लामर्त गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ आला. त्याने हार्मेनचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याचे डोळे ओले होते.

"दादा, तू काही बोलणार नाहीस, ठाऊक आहे मला. पण मला कळलंय."

"काय कळलंय?"

"असू दे. उपकार झाले तुझे. एवढंच."

हार्मेनने हात सोडवून घेतला. आपली टिंगल चालली आहे असं त्याला वाटलं. पण लामर्तला टिंगल करता येत नसे, हेही त्याला ठाऊक होतं. त्या अस्वस्थपणात त्याने ठरवलं की एकदा वर जाऊन दगड पाहायचा.

बाजाराच्या दिवशी लामर्त गाडी जोडून बायकापोरांसह शहरात गेला. दुपारी वारा साफ पडला होता. उन्हात टेकाडावरचं गवतही हलत नव्हतं. पवनचक्कीची पाती स्थिर उभी होती, शिडं गुंडाळलेली. हार्मेनने दार ढकललं. आत थंड होतं, पिठाचा आणि मेणाचा वास होता.

वरून आवाज येत होता.

टक टक. थांबा. टक टक. थांबा.

हार्मेनचा पाय पहिल्या पायरीवरच राहिला. दोन घाव आणि एक श्वास. बाप असंच काम करायचा. लहानपणी या तालावर हार्मेनला झोप लागायची.

तो शिडी चढू लागला. अर्ध्यावर गेला आणि आवाज थांबला. एखाद्याने पाऊल ऐकून हात थांबवावा तसा.

जात्याच्या मजल्यावर कोणी नव्हतं. वरचा दगड यारीने उलटून ठेवलेला होता. निम्म्या दगडावर ताज्या रेघा होत्या, निम्मा अजून गुळगुळीत. रेघांवर दगडाची पांढरी भुकटी, तशीच, न झटकलेली. दगडाशेजारी कोंड्याचं पोतं होतं, डाव्या बाजूला. त्यात कोपराएवढा खळगा पडलेला होता, आणि हार्मेन पाहत असतानाच तो खळगा हळूहळू भरत आला. माणूस उठून गेल्यावर कोंडा भरतो तसा.

त्याने वाकून रेघेवर बोट ठेवलं. ती कोमट होती. आणि तिचा झुकाव उलटा होता.

भीती वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण तिच्याआधी दुसरंच काहीतरी उसळून वर आलं.

"इथे?" तो मोठ्याने म्हणाला. "इथे येता तुम्ही? ह्याच्याकडे?"

तो पोत्याकडे वळला.

"मी खाली आहे, बाबा. मी थोरला आहे."

बाहेर एक कावळा ओरडला. हार्मेन कान देऊन उभा राहिला. टाकीचा आवाज पुन्हा आला नाही. आणि आपण निघून गेल्याशिवाय तो येणार नाही हे त्याला कळलं. त्याने खाली उतरून दार लावून घेतलं. अंगणाच्या फाटकाशी पोचला तेव्हा मागे काम पुन्हा सुरू झालं. टक टक. थांबा.

तर लामर्तला वाटत होतं की दादाच लपूनछपून येऊन टाकी लावून जातो. म्हणून ते डोळे ओले, म्हणून ते उपकार. हार्मेनला वाटेत हसू आलं. मग ते हसू जिथल्या तिथे थिजलं. ज्याला किंमत कळत नाही, ज्याला घाव कोणाचा हेही बोटाने ओळखता येत नाही, त्याच्याकडे बाप जात होता!

घरी येऊन तो ओढ्याकाठी बसला आणि शांतपणे विचार करू लागला. हार्मेन डोक्याने सरळ माणूस होता. पाणी कुठून येतं हे पाहून झडप बांधायची, हा त्याचा धंदाच. बाप तिकडे का जातो? कारण तिकडचा दगड बोथट आहे, आणि त्याला टाकी लावणारं कोणी नाही. बापाला बोथट दगड बघवत नसे. आणि इकडे का येत नाही? कारण इकडे हार्मेन आहे. इकडचा दगड कधी बोथट होतच नाही.

मग करायचं काय, ते स्पष्ट झालं.

त्या दिवसापासून लामर्त कुठे बाहेर गेला की हार्मेन टेकाड चढायचा आणि त्याच्या दगडाला टाकी लावायचा. जीव ओतून, आयुष्यात कोणत्या दगडाला लावली नसेल अशी, बापाला तिथे करायला काही उरू नये म्हणून. एकदा लामर्तने त्याला उतरताना पाहिलं. तो लांबूनच टोपी हलवत राहिला, आनंदाने. हार्मेनने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

आणि आपल्या स्वतःच्या दगडाला त्याने हात लावणं सोडलं.

पाणचक्कीचा दगड उन्हाळा संपता संपता आरशासारखा झाला. पीठ गरम पडू लागलं. मग त्याला वास येऊ लागला. ग्राडा मावशीने पोतं उघडून नाकाशी नेलं.

"हे काय दळलंस? कोळसा?"

"गहू जुना असेल."

"गहू या वर्षीचा आहे. जुनी मी आहे." तिने हातगाडी वळवली. "चढ तर चढ. छाती फुटली तर तुझ्या नावाने फुटेल."

एकेक करून सगळे वर गेले. स्तीना कणीक मळताना पीठ चाखायची आणि थुंकायची.

"टाकी का लावत नाहीस? हात दुखतोय का? सांग तरी."

"लागेल टाकी."

"कधी?"

"लागेल म्हटलं ना!"

रोज सकाळी तो उठायचा, पिठाच्या खोलीत जायचा, लाकडी झाकण उचलून वरच्या दगडाच्या कडेखाली बोटं घालायचा. दगड गुळगुळीतच असायचा. तो झाकण ठेवून परत यायचा. एखाद्या नवरीने वाट पाहावी तशी तो वाट पाहत होता, आणि त्याचं त्यालाच ते कळत नव्हतं.

पानगळ सुरू झाली होती. एका सकाळी तो गेला तर वरचा दगड उलटून ठेवलेला होता.

संपूर्ण दगडभर रेघा होत्या. सरळ, केसाएवढ्या अंतरावर, उलट्या बाजूला झुकलेल्या.

हार्मेन गुडघ्यांवर बसला. त्याने गाल दगडाला टेकवला. स्तीना आली तेव्हा तो लहान पोरासारखा हसत होता.

"बघ. बघ कोण आलं होतं!"

स्तीनाने आधी दगडाकडे पाहिलं, मग यारीकडे. यारीच्या स्क्रूला कोळ्याचं जाळं होतं. ते तुटलेलं नव्हतं.

"हा दगड उचलला कशाने, हार्मेन?"

त्याने ते ऐकलं नाही. त्या दिवशी त्याने दळलेलं पीठ खरोखर रेशमासारखं होतं.

दुसऱ्या सकाळी दगड पुन्हा उलटलेला होता. ताज्या रेघा. तिसऱ्याही. काल लावलेली टाकी आज पुन्हा लावायची काही गरज नसते. लावली तर दगड उगाच झिजतो. हार्मेनला हे कोणी शिकवायला नको होतं. पण त्याने भुकटी झाडून बाजूला केली. गिऱ्हाईकं परत येऊ लागली तर त्याने त्यांना दारातूनच वाटेला लावलं. लोक आले की दगड झाकावा लागतो. आणि ते बघतील. ते हात लावतील.

दगड वीतभर जाड होता. तो चार बोटं झाला. मग दोन.

लामर्त आला. त्याचा दगड छान चालला होता, तो आभार मानायला आला होता, सोबत डुकराच्या मांसाचा तुकडा घेऊन. स्तीना त्याला सरळ पिठाच्या खोलीत घेऊन गेली. हार्मेन मागून धावला.

लामर्तने दगडावर हात ठेवला. त्याला घाव ओळखता येत नाहीत असं हार्मेन समजत होता; खरं तर पीठ चांगलं पडू लागल्यापासून लामर्तने आपला दगड उलटून पाहिलाच नव्हता. आता त्याने बापासारखा अंगठा रेघेवरून फिरवला.

"दादा... ही बाबांची टाकी आहे."

"हात काढ."

"एकदाच लावतो. मला किती दिवसांत..."

"हात काढ म्हटलं!" हार्मेनने त्याचं मनगट धरून बाजूला केलं आणि दगडावर झाकण ओढलं. "जन्मभर तुझे होते. आता माझ्याकडे आलेत."

 लामर्तच्या नजरेत राग नव्हता.

"असं काय करतोस? वहिनीला घेऊन वर ये. थोडे दिवस राहा आमच्याकडे."

"का? ते तुझ्याकडे परत यावेत म्हणून?"

लामर्त दाराकडे वळला. तो गेला. मांसाचा तुकडा बाकावर तसाच राहिला.

पुढच्या सकाळी दगड मधोमध दुभंगून पडलेला होता. इतका पातळ झालेला दगड आणखी काय करणार? हार्मेनने तुकडे उचलले, भिंतीशी लावले आणि तो रिकाम्या जागेकडे पाहत बसला. आता टाकी लावायला काही उरलं नव्हतं. रात्रभर तो पलंगावर कुशी बदलत राहिला. बाबा आता वर जातील. लामर्तकडे जातील.

सकाळ झाली.

खालच्या दगडावर रेघा होत्या. त्याच्या भोवतीच्या लाकडी कड्यावर रेघा होत्या. आणि तिथून पुढे, जमिनीच्या फळ्यांवर, दाराच्या दिशेने. तोच झुकाव. तेच अंतर.

हार्मेनने सुटकेचा निःश्वास सोडला.

त्यानंतरच्या सकाळी त्या दारापर्यंत आल्या. मग जिन्याच्या खालच्या पायरीवर. मग वरच्या. लाकडाचा बारीक भुसा पायरीपायरीवर पडलेला असायचा. स्तीना तो झाडायला गेली तर त्याने झाडू हिसकावून घेतला.

"मी झाडतो."

"हार्मेन, त्या कुठे चालल्यात दिसतंय ना तुला?"

"दिसतंय."

"मग?"

तो गालात हसला. तसं हसताना तिने त्याला लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

रेघा झोपायच्या खोलीत आल्या त्या दिवशी स्तीना पलंगाच्या पायाशी बसली. मग ती हळूच म्हणाली, "आज त्या बाजूला मी झोपते. तू भिंतीकडे झोप."

तिच्या मनात काय होतं हे कोणालाही कळलं असतं. हार्मेनने तिच्याकडे संशयाने पाहिलं.

"ती बाजू माझी आहे."

"मला माहीत आहे ती तुझी आहे. म्हणूनच म्हणते..."

"तुला कशाला हवी ती?"

स्तीना उठली. तिने शाल घेतली, पेटीतलं थोडं सामान गाठोड्यात बांधलं आणि ती टेकाडाची वाट चढून गेली. ती लामर्तला घेऊन परत येणार, हे हार्मेनला कळत होतं. उद्या उजाडताच येतील दोघं. म्हणजे आजची रात्र आपली एकट्याची.

तो खोलीत आला. अजून संध्याकाळचा उजेड होता. पलंगाच्या उशाकडच्या फळीवर रेघांची ओळ त्याच्या बाजूने सुरू झाली होती आणि मध्येच थांबली होती, अर्धवट. स्तीनाच्या बाजूची फळी कोरी होती. त्याने ते दोनदा तपासून पाहिलं. शेवटच्या रेघेवर त्याने बोट ठेवलं. कोमट होती.

ओळ जिथे संपत होती तिथून त्याच्या उशीपर्यंत वीतभर अंतर राहत होतं.

हार्मेनने गळ्याची गुंडी काढली, आडवा झाला, आणि उशी त्या बाजूला सरकवून घेतली.